गिलाव्याचे प्लास्टर : साष्टीतील घरांच्या बाह्यलेपाचा शब्दांच्या आधारे इतिहास

पावसाळा सरून आश्विनातील ऊन भिंतींवर पडू लागले म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतून जागोजागी बांबूच्या परांच्या उभ्या राहतात. चार महिन्यांच्या पावसाने घराच्या बाहेरील अंगाची जी हानी केलेली असते ती दिवाळीपूर्वी भरून काढावी अशी घरमालकाची इच्छा असते. या दुरुस्तीला आज एकच नाव उरले आहे. घर शंभर वर्षांपूर्वीच्या दगडविटांचे असो की साठ वर्षांपूर्वीच्या काँक्रीटच्या सांगाड्याचे असो, ‘बाहेरून प्लास्टर करून घ्यावयाचे आहे’ एवढेच मालक सांगतो, आणि ठेकेदारालाही त्याहून अधिक काही विचारण्याचे कारण वाटत नाही. याच भूमीत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या कामाला अनेक नावे होती व ती निरनिराळ्या द्रव्यांची आणि निरनिराळ्या कृतींची द्योतक होती. ती नावे कोठून आली, कशी मागे पडली आणि त्यांच्या मागे पडण्याने प्रत्यक्ष भिंतींचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

शब्दांवरून वस्तूंचा इतिहास लिहिताना सावधगिरी बाळगावी लागते, कारण वस्तू बदलूनही शब्द टिकतो आणि शब्द बदलूनही वस्तू तीच राहते. तथापि भिंतीच्या लेपासारख्या विषयात दुसरा पुरावा फारसा हाती लागत नाही. देवळांचे व किल्ल्यांचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत. गावठाणातील सामान्य घराच्या भिंतीवर काय फासले होते याची नोंद ठेवण्याची आवश्यकता कोणास वाटली नाही. ती नोंद गवंड्याच्या बोलण्यात राहिली, आणि म्हणून येथे भाषेकडेच वळणे प्राप्त आहे.

प्रथम संस्कृत परंपरा पाहावी. संस्कृतात चुन्याला ‘सुधा’ हा शब्द आहे आणि तोच शब्द अमृतालाही आहे. सुधेने लिप्त ते ‘सौध’, अशी व्युत्पत्ती परंपरेने देण्यात येते. म्हणजे प्रासादाला त्याचे नाव खांबांवरून वा मजल्यांवरून मिळालेले नसून त्याच्या बाह्यलेपावरून मिळालेले आहे. प्राचीन मराठीत ‘धवळार’ हा शब्द येतो. धवल आणि आगार यांपासून तो सिद्ध झाला असून त्याचाही मूळ भाव पांढरे केलेले घर हाच आहे. ‘लेप’ हा शब्द तर शरीराच्या औषधोपचारातही आणि भिंतीच्या कामातही समान चालतो. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वज्रलेपासाठी स्वतंत्र अध्याय दिला असून त्यातील पाकात कवठ, सावरीची फुले अशी वनस्पतिज द्रव्ये सांगितली आहेत. आज मराठीत ‘वज्रलेप’ म्हटले की देवमूर्तीची झीज थांबविण्यासाठी केलेला उपचार एवढाच अर्थ उभा राहतो. वास्तूशी असलेला त्याचा संबंध बहुतेकांच्या स्मरणातून गेला आहे.

यानंतरचा थर फारसीचा. ‘गिलावा’ हा शब्द फारसीतून आला. ‘गिल’ म्हणजे माती आणि ‘आब’ म्हणजे पाणी. तेव्हा गिलावा म्हणजे मूलतः मातीचा चिखल. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ विस्तारला व चुन्याच्या लेपालाही तोच शब्द लागू झाला, परंतु मातीचा गिलावा आणि चुन्याचा गिलावा असा भेद विशेषणाने राखला जात असे. विटांच्या चुऱ्याला ‘सुरखी’ म्हणतात तो फारसीतील तांबड्या रंगाचा वाचक शब्द होय. याच संदर्भात ‘गच्ची’ हा शब्द विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. फारसीत ‘गच’ म्हणजे भिंतीला लावावयाचा चुना किंवा जिप्सम. हिंदीत ‘गचकारी’ हा शब्द नक्षीदार लेपकामासाठी आजही वापरतात, आणि मराठीत ‘चुनेगच्ची’ म्हणजे चुन्यातील पक्के बांधकाम. चुन्याने पक्के केलेल्या सपाट छतालाच पुढे गच्ची हे नाव पडले. उपनगरातील गृहस्थ संध्याकाळी गच्चीवर वाऱ्याला बसतो तेव्हा तो चुन्याच्या कामाचेच नाव घेत असतो, हे त्याच्या ध्यानात येण्याचे कारण नाही.

पोर्तुगीजांचा वाटा निराळ्या प्रकारचा आहे. १५३४च्या तहाने वसई व साष्टीचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९मध्ये मराठ्यांनी वसई जिंकीपर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. या दोनशे वर्षांत चर्चे, मठ व किल्ले मोठ्या संख्येने बांधले गेले. लेपाच्या द्रव्यांची नावे मात्र पोर्तुगीजांनी मराठीला दिलेली दिसत नाहीत. त्यांनी दिली ती काम करणाऱ्यांची व कामाच्या भांड्यांची. ‘मेस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’पासून, ‘घमेले’ हे ‘गामेला’पासून, ‘बालदी’ ‘बाल्द’पासून, ‘पिंप’ ‘पीपा’पासून, आणि आठवड्याच्या शेवटी मिळणारा ‘पगार’ही त्याच भाषेतील. याउलट ‘बिगारी’ हा शब्द फारसी असून वेठीच्या श्रमाचा वाचक आहे. म्हणजे परांचीवर चढलेला मेस्त्री पोर्तुगीज, खालून घमेले उचलून देणारा बिगारी फारसी, आणि घमेल्यातील चुना संस्कृत ‘चूर्ण’ शब्दाचा वंशज, असा हा मेळ आहे. त्यावरून एक अनुमान निघते ते असे की, पोर्तुगीज अमलात कामाची संघटना बदलली तरी चुन्याची विद्या येथीलच राहिली.

या विद्येचे अवशेष साष्टीत पाहावयास मिळतात. बोरिवलीजवळच्या कान्हेरी येथील चौतिसाव्या लेण्याच्या छतावर अपुरे राहिलेले चित्रकाम आहे. खडकावर चित्र काढावयाचे तर आधी लेप द्यावा लागे. बोरिवलीतच मंडपेश्वरची लेणी आहेत. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी तेथे प्रार्थनास्थळ केले तेव्हा शैव शिल्पे झाकली गेली, आणि लेण्यावरच्या टेकाडावर मठाच्या भिंती उभ्या राहिल्या; त्या भग्नावस्थेत आजही आहेत. अंधेरीस मरोळच्या बाजूला, सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात क्षेत्राच्या आवारात, १५७९मध्ये उभारलेल्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. साथीच्या रोगामुळे १८४०मध्ये ते सोडून देण्यात आले. छप्पर गेल्यावर अशा वास्तूची स्थिती काय होते ते तेथे दिसते : लेप झडतो, मागील दगड उघडा पडतो, परंतु भिंत दीर्घ काळ उभी राहते.

ही झाली मोठी बांधकामे. निबंधाचा विषय असलेली घरे लहान आहेत. मरोळ, कोंडिविटे, आंबोली, गुंदवली, एकसर, वझिरा, गोराई, किरोळ, नाहूर ही गावे रेल्वे येण्यापूर्वीपासूनची. तेथे आगरी, कोळी, कुणबी, पाठारे आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांची वस्ती होती. (ईस्ट इंडियन हे नाव या समाजाने १८८७मध्ये आपली संस्था स्थापन करताना स्वीकारले, त्यांची बोली मात्र मराठीचीच.) गरिबाचे घर कुडाचे असे. कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांवर माती व शेण यांचा लेप देत. तो बायका हाताने देत व त्या कृतीला ‘लिंपणे’ आणि ‘सारवणे’ ही क्रियापदे होती. ऐपतदाराच्या घराची भिंत दगडाची किंवा विटांची, दीड-दोन फूट जाडीची, माती किंवा चुना यांत रचलेली. वर सागाच्या तुळया व कौले. आणि बाहेरून चुन्याचा गिलावा. १८५३मध्ये बोरीबंदर ते ठाणे आणि १८६७मध्ये विरार ते बॅकबे अशी गाडी सुरू झाल्यावर स्थानकांजवळ बंगले उठू लागले. त्यांची रचना वेगळी असली तरी लेप तोच होता.

तो लेप कसा तयार होत असे हे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण पुढील सारे विवेचन त्यावर अवलंबून आहे. किनाऱ्यावर शिंपले विपुल आणि आतल्या जमिनीत चुनखडीचे खडे. ते भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की त्यांतील कर्बवायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. शीव आणि कुर्ला यांच्या मध्ये हार्बर मार्गावर ‘चुनाभट्टी’ नावाचे स्थानक आहे. त्या भट्ट्या गेल्या, नाव तेवढे राहिले. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो उकळून फुटतो. याला ‘चुना विरवणे’ म्हणत. विरलेला चुना वाळू किंवा सुरखी मिसळून घाणीत मळला जाई. ही घाणी तेलाच्या घाण्याहून निराळी : वर्तुळाकार चरात दगडी चाक, आणि ते ओढणारा बैल. कोठे गुळाचे पाणी, कोठे हिरडा, कोठे बेलफळाचा गर त्यात घालीत. भिंतीच्या दरजा आधी भरून घेतल्या जात, मग जाड थर, त्यावर पातळ थर, आणि शेवटी वस्त्रगाळ चुन्याचा ‘नीरू’ लावून तो घोटला जाई. प्रत्येक थर सुकण्यास वेळ द्यावा लागे. चुना पाण्याने घट्ट होत नाही. हवेतील कर्बवायू हळूहळू परत शोषून तो पुन्हा दगड होतो, आणि या क्रियेला महिने, जाड थरात वर्षेही लागतात.

यावर दरवर्षी दिवाळीपूर्वी सफेदी. निवळ चुन्यात थोडा डिंक व किंचित नीळ घालून कुंच्याने हात फिरविला जाई. ही केवळ शोभेची गोष्ट नव्हती. पावसाने गिलाव्यात पडलेल्या सूक्ष्म भेगांत तो पातळ चुना उतरत असे आणि तेथे दगड होत असे. पोपडे निघालेल्या जागी हातभर गिलावा नव्याने लावला जाई. म्हणजे बाह्यलेपाचे नूतनीकरण हे एका प्रसंगाचे काम नसून वार्षिक रीत होती. घराच्या कातडीची झीज गृहीत धरूनच ती लावलेली असे. सांताक्रूझ येथे वर्षाकाठी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यासह भिंतीवर आडवा आदळतो. अशा प्रदेशात कोणताही लेप कायमचा राहील ही अपेक्षाच जुन्या गवंड्याला नव्हती. भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात ते सोडते, असा त्याचा समज होता व तो शास्त्रदृष्ट्याही बरोबर आहे. चुन्याचा लेप सच्छिद्र असतो. जमिनीतून चढलेली आणि बाहेरून शिरलेली ओल त्यातून वाफेच्या रूपाने निघून जाते. तिच्याबरोबर येणारे क्षार पृष्ठभागावर साचतात. त्याला ‘लोणा’ म्हणतात. लोण्याने गिलावा खराब होतो, पण भिंत वाचते.

सिमेंट आले ते या व्यवस्थेत. या शब्दाचा इतिहासही विलक्षण आहे. लॅटिनमध्ये त्याचे मूळ रूप दगडांच्या कपच्यांचे वाचक होते; पुढे कपच्या मागे पडून त्यांना बांधणाऱ्या द्रव्यास ते नाव चिकटले. इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने १८२४मध्ये ‘पोर्टलंड’ सिमेंटचे पेटंट घेतले. पोर्टलंड येथील दगडासारखे ते दिसते एवढाच त्या नावाचा अर्थ. भारतात पोरबंदर येथे १९१४मध्ये व्यापारी प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि १९३६मध्ये अनेक कंपन्यांच्या एकत्रीकरणातून मुंबईत असोसिएटेड सिमेंट कंपनीज ही संस्था निघाली. मुंबई उपनगर जिल्हा १९२०मध्ये निराळा झाला होता, विजेची गाडी १९२८मध्ये बोरिवलीपर्यंत पोहोचली होती, आणि शहरातील मध्यमवर्ग बाहेर पडू लागला होता. १९३०नंतर मरीन ड्राइव्हच्या बाजूस काँक्रीटच्या ज्या गुळगुळीत, वळणदार इमारती उठल्या त्यांचे अनुकरण दादर-माटुंगा ओलांडून उपनगरांतही झाले. काँक्रीटच्या सांगाड्यावर सिमेंट-वाळूचा लेप हे नवे काम होते आणि त्याला नवे नाव हवे होते. ते ‘प्लास्टर’ या रूपाने मिळाले.

इंग्रजीतील हा शब्द मुळात वैद्यकातला. ग्रीक व लॅटिन यांतून येताना तो जखमेवर चोपडावयाच्या लेपाचा वाचक होता, भिंतीकडे तो नंतर वळला. संस्कृत ‘लेप’ शब्दाप्रमाणेच ही दुहेरी गती आहे, आणि मराठीतही मोडलेल्या हातावर व फुटलेल्या भिंतीवर आज एकच ‘प्लास्टर’ चढते. परंतु इंग्रजीतसुद्धा या शब्दाने द्रव्य कळत नाही. इटालियनमधून आलेला ‘स्टको’ हा शब्द एके काळी चुन्याच्या लेपाचा द्योतक होता. अमेरिकेत आज तो मुख्यत्वे सिमेंटच्या लेपाला लावतात. तेव्हा हा दोष मराठीचाच असे मानण्याचे कारण नाही. मराठीत वेगळे घडले ते एवढेच की, गिलावा, नीरू, दरजा भरणे, घोटणे, सफेदी या वेगवेगळ्या पायऱ्यांच्या नावांची जागा एका शब्दाने घेतली, आणि ‘चुना’ हा शब्द भिंतीवरून उतरून पानाच्या डब्यात जाऊन बसला. ‘चुना लावणे’ याचा आजचा प्रचलित अर्थ तर सर्वश्रुत आहे.

हे स्थित्यंतर नेमके कधी झाले हे एका वर्षाने सांगता येणार नाही. मुंबई महापालिकेची हद्द १९५०मध्ये अंधेरीपर्यंत व १९५७मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. त्या सुमारास वस्ती झपाट्याने वाढत होती आणि बांधकाम वेगाने व्हावयास हवे होते. चुन्याला वेग सोसत नाही. घाणीचा बैल, विरवण्याचे हौद, महिन्याची उसंत हे सारे शहराच्या नव्या गतीत बसणारे नव्हते. गंमत अशी की सिमेंटही त्या काळात मुबलक नव्हते. युद्धकाळात त्यावर आलेले नियंत्रण १९८२मध्ये अंशतः व १९८९मध्ये पूर्णतः उठले. मधल्या काळात परवान्याशिवाय पोते मिळत नसे, आणि सिमेंट-वाटपाच्या प्रकरणावरून १९८२च्या जानेवारीत राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले इतकी त्या वस्तूची महती वाढली होती. दुर्मिळतेने प्रतिष्ठा येते. ज्याला परवाना मिळाला त्याने घराला सिमेंट लावले हे सांगण्यात एक प्रकारचा अभिमान होता, आणि चुना हा ज्याला ते परवडत नाही त्याचा पर्याय ठरला. ‘पक्के’ या विशेषणाचा अर्थ येथे सरकला. चुनेगच्ची हे जे पूर्वी पक्केपणाचे नाव होते ते आता कच्चेपणाच्या बाजूला गेले.

या अर्थांतराचा परिणाम गावठाणातील जुन्या घरांना भोगावा लागला. नव्या काँक्रीटच्या घराला सिमेंटचा लेप शोभतो. दगड-चुन्याच्या जुन्या घराला तो मानवत नाही. पाठीमागील भिंत मऊ, सच्छिद्र आणि ऋतुमानाप्रमाणे किंचित हलणारी. पुढचा लेप कठीण, ताठ व त्या मानाने बंद. लेप मागच्या पृष्ठभागाहून अधिक ताकदीचा असू नये हा या कामातील जुना नियम आहे, आणि येथे नेमका तोच मोडला जातो. लेपाला केसासारख्या भेगा पडतात. त्यांतून पाऊस आत शिरतो, परंतु बाहेर पडण्यास त्याला वाट राहत नाही. ओल आतल्या अंगाला सरकते, लोणा लेपाच्या मागे साचू लागतो, भिंतीत रोवलेली तुळयांची टोके कुजतात व त्यांना वाळवी लागते. हातोडीने ठोकून पाहिले तर भिंत बद्द वाजते. शेवटी एखाद्या पावसाळ्यात लेपाची मोठी थाळी सुटून खाली येते. ती उलटून पाहिली म्हणजे सारी हकीकत कळते : सिमेंटच्या पाठीला जुन्या चुन्याचा पांढरा थर, आणि कधी विटेची तांबडी सालही, चिकटून आलेली असते. सिमेंटने चुन्याला सोडलेले नसते. चुन्याने भिंतीला सोडलेले असते.

घरमालक यावरून जो निष्कर्ष काढतो तो उलटा असतो. लेप पडला, तेव्हा तो पुरेसा मजबूत नव्हता असे त्यास वाटते. म्हणून पुढच्या खेपेस टाचे अधिक खोल मारले जातात, जुना चुना मुळापासून खरवडला जातो, जाळी ठोकली जाते, मिश्रणात सिमेंट वाढविले जाते, वर पाणी अडविणारा रंग दिला जातो. प्रत्येक उपायाने भिंतीचा श्वास अधिक कोंडतो. दहा-बारा वर्षांनी तेच पुन्हा. आणि मग एक दिवस असे ठरते की घरच जुने झाले आहे, आता ते पाडून तेथे इमारत उठविणे बरे. गावठाणातील किती घरे या वाटेने गेली याची गणती कोणी केलेली नाही. पण जागेच्या किमतीच्या जोडीला ओलीने कंटाळलेला मालक हेही पाडकामाचे एक कारण आहे, याकडे वास्तुवारशाच्या चर्चेत क्वचितच लक्ष दिले जाते. बृहन्मुंबईसाठी १९९५मध्ये वारसा-नियम झाले, तरी उपनगरातील सामान्य घराला त्यांचा आधार अल्पच मिळाला.

येथे एक आक्षेप संभवतो. शब्द गेला म्हणून विद्या गेली, की विद्या गेली म्हणून शब्द गेला? भट्ट्या बंद पडल्या, घाण्या मोडल्या, १९४७च्या भाडे-नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठली आणि भाड्याच्या घरांच्या मालकांना वार्षिक सफेदीचाही खर्च नकोसा झाला. १९६९मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ स्थापन झाले तेही केवळ शहर-बेटापुरते. उपनगरे त्याबाहेर राहिली. ही आर्थिक कारणे नाकारता येत नाहीत, आणि मूळ कारण म्हणून त्यांचेच स्थान पहिले. परंतु आज चुना मिळू शकतो, तो लावणारे थोडे कारागीरही जुन्या वास्तूंच्या जतनाच्या कामात आहेत, आणि भारतीय मानक संस्थेची चुन्याच्या लेपासाठी व सिमेंटच्या लेपासाठी दोन वेगळी मानके आहेत. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इंग्रजी दरसूचीत ‘नीरू’ हा शब्द रोमन लिपीत का होईना टिकून आहे, ही तर भाषाभ्यासकाने टिपून ठेवण्याजोगी गोष्ट होय. भेद कागदावर शिल्लक आहे. तो उरलेला नाही तो घरमालक आणि मेस्त्री यांच्या संभाषणात, आणि घराचे भवितव्य ठरते ते त्याच संभाषणात. ज्या भेदाला बोलण्यात नाव नाही त्याविषयी प्रश्नही विचारला जात नाही.

मेस्त्रीला दोष देऊन भागणार नाही. आजचा कडिया बहुधा दूरच्या प्रांतातून आलेला असतो. नाक्यावर सकाळी उभा राहून त्याने काम मिळविलेले असते. थापी, रंधा, गुरमाला, ओळंबा ही त्याची हत्यारे जुनीच, पण चुना म्हणजे त्याच्या लेखी पिशवीतून येणारी सफेदीची पूड. त्याला कोणी घाणी दाखविलेली नाही.

काँक्रीटच्या इमारतींविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण उपनगरांत आता त्याच बहुसंख्य आहेत आणि त्यांची कहाणी निराळी आहे. तेथे सिमेंटच्या लेपाचा द्रव्य म्हणून दोष नाही. दोष बहुधा मीठाचा असतो. खाडीची वाळू नीट न धुता वापरली तर तिच्यातील क्षार काँक्रीटमध्ये राहतात. समुद्राच्या हवेतूनही ते येतात. त्यांनी आतील लोखंड गंजते, गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे काँक्रीट व लेप दोन्ही फोडते. अशा ठिकाणी पडलेल्या जागेवर नवे प्लास्टर करणे म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणे होय. महापालिका अधिनियमात २००९मध्ये घातलेल्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी आवश्यक झाली, ती याच अनुभवातून. येथेही ‘प्लास्टर करावयाचे आहे’ हे वाक्य रोग लपविते, मात्र जुन्या घरातील रोग आणि हा रोग एक नव्हे. दगड-चुन्याच्या घरात लेप भिंतीला मारतो. काँक्रीटच्या घरात आतला सांगाडा लेपाला पाडतो. दोन्हींवर एकच ठेकेदार एकाच दराने एकच काम करतो.

पारिभाषिक मराठीकडे वळले तर आणखी एक वळण दिसते. राज्यव्यवहाराची भाषा मराठी झाल्यावर इंग्रजी ‘प्लास्टर’ला प्रतिशब्द म्हणून ‘गिलावा’ योजण्यात आला, आणि ग्रामपंचायतींच्या अंदाजपत्रकांत, निविदांत तो आज नियमाने आढळतो. जुना शब्द परत आला याचा आनंद वाटावा, पण ज्या द्रव्याचे ते नाव होते ते त्याच्याबरोबर आलेले नाही. ‘प्लास्टर’ने गिळलेला भेद ‘गिलावा’ने परत मिळत नाही, कारण कोशकारांनी दोन शब्दांमध्ये बरोबरीचे चिन्ह घातले आहे. अशा निविदांत ‘सिमेंट गिलावा’ असा प्रयोग सर्रास असतो. त्याची फोड केली तर एका टोकाला लॅटिनमधील दगडाच्या कपच्या निघतात आणि दुसऱ्या टोकाला फारसीतील माती आणि पाणी. मधला चुना कोठेच नाही.